घामाचा हिशेब मांडणारे शास्त्रज्ञ : जॉन स्कॉट हॉल्डेन

नवी दिल्ली : भारतातील कोळसा खाणींसाठी १९५७ मध्ये तयार झालेल्या विनियमांत दोन आकडे होते. खाणीतील कामाच्या जागी वेट बल्ब तापमान ३३.५ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये, हा पहिला. ते ३०.५ अंशांच्या वर गेल्यास तेथील हवा सेकंदाला किमान एक मीटर वेगाने खेळती राहिली पाहिजे, हा दुसरा. जमिनीखाली शेकडो फूट खोल कोळसा फोडणाऱ्या माणसाला कायद्याने दिलेले हे संरक्षण ज्या संशोधनाच्या पायावर उभे आहे, ते मुख्यतः एका स्कॉटिश डॉक्टरांनी केले. त्यांचे नाव जॉन स्कॉट हॉल्डेन. उष्णता हे कामगाराच्या नशिबाचे भोग नसून कामाच्या जागेचा मोजता येणारा गुणधर्म आहे, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले, आणि त्यासाठी बहुतेक वेळा स्वतःचेच शरीर पणाला लावले.

हॉल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये एडिनबरा येथे एका सधन आणि प्रतिष्ठित घराण्यात झाला. थोरले बंधू रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री आणि लॉर्ड चान्सलर झाले. मामा जॉन बर्डन सँडरसन हे ऑक्सफर्डमधील नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. हॉल्डेन यांनी १८८४ मध्ये एडिनबरा विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली, परंतु दवाखाना थाटून रुग्ण तपासण्यात त्यांचे मन रमले नाही. माणूस आजारी पडल्यानंतर त्याच्यावर उपचार करण्यापेक्षा तो जेथे राहतो आणि राबतो तेथील हवा तपासावी, असा त्यांचा कल होता.

या कामाची सुरुवात डंडी शहरात झाली. तागाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात मजुरांची कुटुंबे एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी रात्री उशिरा, घरची माणसे झोपेत असताना, या खोल्यांत जाऊन हवेचे नमुने घेत. शाळांमधील आणि सांडपाण्याच्या भुयारी गटारांतील हवाही त्यांनी तपासली. मजुरांच्या बंद खोल्यांतील हवा गटारातील हवेपेक्षाही अधिक दूषित आढळली. पुस्तकी तर्कावर विसंबायचे नाही, जागेवर जायचे आणि मोजायचे, ही त्यांची पुढील पन्नास वर्षांची पद्धत येथेच ठरली.

नंतर ते ऑक्सफर्डला आले आणि लवकरच त्यांचे लक्ष कोळसा खाणींकडे वळले. २७ जानेवारी १८९६ रोजी दक्षिण वेल्समधील टायलर्सटाउन येथील खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार मृत्युमुखी पडले. स्फोटाचा तडाखा बसून किंवा भाजून माणसे मरतात, अशी तोवरची समजूत होती. हॉल्डेन यांनी मृतदेहांची तपासणी केली, तेव्हा बहुतेकांचा बळी कार्बन मोनॉक्साइड या वासरहित वायूने घेतल्याचे दिसून आले. स्फोटातून वाचलेली माणसे बाहेर पडण्याच्या वाटेवर या वायूने गुदमरली होती. याचा अर्थ, वेळीच सूचना आणि योग्य साधने मिळाली असती तर त्यांतील अनेकांचे प्राण वाचू शकले असते. हॉल्डेन यांनी प्रयोगशाळेत हा वायू मोजून मापून स्वतः हुंगला आणि आपल्या शरीरावर होणाऱ्या परिणामांची टिपणे ठेवली. लहान जीवांवर या वायूचा परिणाम माणसापेक्षा फार लवकर होतो, हे लक्षात आल्यावर त्यांनी खाणीत उतरताना असा एखादा प्राणी किंवा पक्षी सोबत नेण्याची शिफारस केली. ब्रिटनच्या खाणींतील पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी या शिफारशीतून आला आणि १९८६ पर्यंत तेथे टिकला.

उष्णतेचा प्रश्न त्यांच्यासमोर आला तो कॉर्नवॉलमधील कथिलाच्या खाणींत. या खाणी खोल होत्या, त्यांत पाणी झिरपत असे आणि खडकच तापलेला असे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील कामगारांच्या आजारांची चौकशी हॉल्डेन यांच्याकडे आली. यंत्राने खडक फोडताना उडणारी दगडाची भुकटी फुप्फुसात जाऊन कामगार ऐन तारुण्यात मरत असल्याचे, तसेच डोल्कोथच्या खाणीत पसरलेला पंडुरोग अंकुशकृमीमुळे होत असल्याचे या चौकशीतून स्पष्ट झाले. त्याच वेळी एक साधा दिसणारा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला. माणूस नेमकी किती उष्णता सहन करू शकतो आणि तेवढ्या उष्णतेत किती काम करू शकतो?

याचे उत्तर साध्या तापमापकावर मिळत नव्हते. हवा कोरडी असेल तर माणूस आश्चर्य वाटावे इतकी उष्णता सोसतो. तीच हवा दमट असेल, तर त्याहून पुष्कळ कमी तापमानाला तो कोसळतो. यामागील कारण महाराष्ट्रातील वाचकाला नव्याने सांगायला नको. मातीच्या माठातील पाणी गार होते, कारण माठाच्या अंगावर पाझरलेले पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जाते. वाळ्याचा पडदा किंवा कूलर नागपूरच्या उन्हाळ्यात खोली गार करतो आणि मुंबईत मात्र निरुपयोगी ठरतो, कारण मुंबईची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. माणसाचे शरीरही माठासारखेच आहे. घाम येणे पुरेसे नाही, घाम उडून जायला हवा. तो अंगावरून नुसता निथळत राहिला तर शरीर थंड होत नाही आणि आतील ताप वाढत जातो.

हॉल्डेन यांनी म्हणून ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचा आधार घेतला. कापडातील पाणी उडते तसा पारा खाली येतो आणि हवा जितकी दमट तितका तो कमी उतरतो. या तापमापकावर दिसणारा आकडा म्हणजे वेट बल्ब तापमान. घामाला वाव किती आहे, हे तो एका आकड्यात सांगतो. नागपुरात पारा ४५ अंशांवर असताना हवेतील आर्द्रता १५ टक्के असेल, तर वेट बल्ब तापमान २४ अंशांच्या आसपास राहते. मुंबईत पारा ३४ अंशांवरच असला, पण आर्द्रता ७० टक्के असली, तर ते २९ अंशांपर्यंत पोहोचते. याचा अर्थ नागपूरचे ऊन निरुपद्रवी आहे असा नव्हे. कोरड्या उन्हात शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते आणि वरून सूर्याचा मारा असतोच. परंतु केवळ हवामान खात्याच्या कमाल तापमानावरून कामगाराच्या शरीरावरील ताण कळत नाही, एवढे यातून स्पष्ट होते.

तापवलेल्या दमट खोलीत आणि प्रत्यक्ष खाणीत हॉल्डेन तासन् तास बसले, श्रम केले आणि दर थोड्या वेळाने स्वतःच्या शरीराचे तापमान नोंदवत राहिले. १९०५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष जर्नल ऑफ हायजीन या नियतकालिकात प्रसिद्ध केले. हवा स्थिर असताना वेट बल्ब तापमान ८८ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की कमरेवरचे कपडे काढून नुसत्या बसून राहिलेल्या माणसाचाही ताप चढू लागतो, असे त्यांना आढळले. अंगमेहनतीचे काम सुरू असेल तर ही मर्यादा बरीच खाली, ७८ अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे २५.५ अंश सेल्सिअसपर्यंत येते. हवा खेळती असेल तर दोन्ही मर्यादा काही अंशांनी वर सरकतात.

या निष्कर्षांतून तीन गोष्टी हाती आल्या. काम करणाऱ्याची सहनशक्ती स्वस्थ बसलेल्याच्या सहनशक्तीपेक्षा पुष्कळ कमी असते. खेळती हवा ही कामगारावर केलेली मेहेरबानी नसून संरक्षणाचे साधन आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती. उष्णतेने कोसळणारा कामगार आळशी, व्यसनी किंवा कमकुवत असतो, हा मालकांचा आणि मुकादमांचा नेहमीचा युक्तिवाद आता टिकण्याजोगा राहिला नाही. धडधाकट माणसालाही एका ठरावीक मर्यादेपलीकडे शरीर थंड ठेवता येत नाही, आणि ती मर्यादा भिंतीवर टांगलेल्या तापमापकावर कोणालाही वाचता येते.

आकडा हाती आला म्हणजे नियम करता येतो. लँकशायरच्या कापड गिरण्यांत सूत तुटू नये म्हणून मागशाळेत मुद्दाम वाफ सोडली जात असे आणि विणकर त्या दमट कोंडीत दिवसभर उभे असत. याविषयीच्या सरकारी चौकशीत हॉल्डेन यांचा सहभाग होता. वेट बल्ब तापमान ७५ अंश फॅरनहाइटच्या वर गेल्यास कृत्रिम वाफ बंद करावी, असे बंधन पुढे तेथील गिरण्यांवर आले. खाणींच्या वायुवीजनाचे नियमही याच मापाने लिहिले जाऊ लागले. स्वतंत्र भारताने आपल्या कोळसा खाणींसाठी आणि अनेक राज्यांनी आपल्या कारखान्यांसाठी जे नियम केले, त्यांतही वेट बल्ब तापमानाची मर्यादा आहे. कारखान्याच्या कामाच्या जागी ती सर्वसाधारणपणे ३० अंश सेल्सिअस धरलेली आहे.

हॉल्डेन यांच्या आयुष्यातील इतर कामगिरी स्वतंत्र ग्रंथाचा विषय व्हावी एवढी आहे. श्वासोच्छ्वासाची गती रक्तातील कार्बन डायऑक्साइडवर अवलंबून असते, हे त्यांनी प्रीस्टली या सहकाऱ्यासोबत १९०५ मध्येच सिद्ध केले. खोल पाण्यातून वर येणाऱ्या पाणबुड्याने टप्प्याटप्प्याने कसे वर यावे, याची त्यांनी बांधलेली आणि १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेली कोष्टके जगभरातील पाणबुड्यांचे प्राण वाचवीत आली. १९११ मध्ये विरळ हवेचा अभ्यास करण्यासाठी ते अमेरिकेतील पाइक्स पीक या शिखरावर राहिले. १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने विषारी वायू सोडला, तेव्हा तो कोणता वायू आहे आणि त्यापासून बचाव कसा करावा, हे शोधण्यासाठी सरकारने त्यांनाच फ्रान्सला धाडले.

प्रयोगशाळा आणि घर यांत त्यांनी कधी फारसा भेद मानला नाही. ऑक्सफर्डमधील राहत्या घरातच त्यांची प्रयोगशाळा होती. मुलगा जॅक आणि मुलगी नेओमी लहानपणापासून वडिलांच्या प्रयोगांत मदतनीस होते. एकदा त्यांनी जॅकला खाणीतील एका जागी उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील एक भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात मुलाला दम लागला आणि तो खाली बसला. जमिनीलगत मात्र त्याला पुन्हा नीट श्वास घेता येऊ लागला. मिथेन हा वायू हलका असल्याने छताजवळ साठतो, हा धडा त्याला आयुष्यभर पुरला. आजच्या पालकांना ही शिकवण्याची रीत पटणार नाही, पण इतरांना ज्या धोक्याविषयी सावध करायचे तो आधी आपण आणि आपल्या घरच्यांनी अनुभवायचा, असा हॉल्डेन यांचा दंडक होता.

विद्यापीठात त्यांना मानाचे पद मिळाले नाही. १९१३ मध्ये ऑक्सफर्डमधील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापकपद चार्ल्स शेरिंग्टन यांच्याकडे गेले आणि हॉल्डेन यांनी विद्यापीठातील नोकरी सोडली. त्याआधीच त्यांनी डॉनकास्टर येथे खाण उद्योगाच्या संशोधन प्रयोगशाळेचे संचालकपद स्वीकारले होते. ही प्रयोगशाळा पुढे बर्मिंगहॅमला हलवण्यात आली.

याच काळात त्यांचे सहकारी के. नेव्हिल मॉस यांनी लँकशायरमधील पेंडल्टनच्या खोल आणि अतिशय गरम खाणीतील कामगारांचा अभ्यास केला. एका पाळीत हे कामगार कित्येक लिटर घाम गाळत. तहान भागवण्यासाठी ते भरपूर पाणी पीत आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्यांच्या हातापायांत आणि पोटात असह्य गोळे येत. घामावाटे पाण्यासोबत मीठही जाते. भरपाई फक्त पाण्याची केली तर रक्तातील मिठाचे प्रमाण आणखी घटते, असा या वेदनेचा उलगडा झाला. पाण्यात थोडे मीठ घातल्यावर गोळे येणे थांबले. आपल्याकडे शेतावर राबणारी माणसे पिढ्यान् पिढ्या मीठ घातलेले ताक पीत आली. त्यामागील शास्त्र या खाणकामगारांच्या घामातून समोर आले, असे म्हणता येईल.

हॉल्डेन यांचे सर्वच निष्कर्ष खरे ठरले असे नाही. दगडाची भुकटी घातक असते, हे ठामपणे मांडणारे हॉल्डेन कोळशाची धूळ मात्र फारशी अपायकारक नसते, असे मानत राहिले. त्यांच्या शब्दाला असलेल्या वजनामुळे या मताचा प्रभाव दीर्घकाळ टिकला आणि त्याची किंमत कोळसा कामगारांनी मोजली. दक्षिण वेल्समधील नव्या संशोधनानंतर, हॉल्डेन यांच्या मृत्यूला सात वर्षे उलटल्यावर, १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये कोळशाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकारासाठी भरपाई मिळू लागली. उद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेचा हा संचालक कामगारांचा सच्चा हितचिंतक होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु एका माणसाचा अधिकार कितीही मोठा असला, तरी कामगारांच्या आरोग्याचा निर्णय त्याच्या एकट्याच्या मतावर सोडू नये, हाही धडा या चरित्रात आहे.

मानसन्मान उशिरा, पण आले. १९२४ ते १९२८ या काळात ते खाण अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष होते. वैद्यकाची पदवी घेतलेल्या माणसासाठी हा दुर्मीळ बहुमान होता. १९३४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. या वयात विश्रांती घेण्याऐवजी त्यांनी इराण आणि इराकचा प्रवास पत्करला. तेथील तेलशुद्धीकरण कारखान्यांत कामगारांना होणाऱ्या उष्माघाताच्या कारणांचा त्यांना शोध घ्यायचा होता. आखाताच्या किनाऱ्यावर पारा चढतो आणि समुद्रामुळे दमटपणाही असतो. तीस वर्षांपूर्वी खाणीत मांडलेला प्रश्न येथे उघड्या आकाशाखाली उभा होता. त्या काळी आखातातील तेल उद्योगात हिंदुस्थानातून गेलेले कामगारही राबत होते. या प्रवासातून परतल्यानंतर हॉल्डेन यांना न्यूमोनिया झाला आणि १४-१५ मार्च १९३६ च्या मध्यरात्री ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी दाखवलेल्या वाटेवर पुढे बरेच काम झाले. ओल्या कापडाचा तापमापक थेट पडणाऱ्या उन्हाचा मारा पुरेसा मोजत नाही, ही उणीव १९५० च्या दशकात अमेरिकेत दूर झाली. प्रशिक्षण छावण्यांत उष्माघाताने जवान दगावू लागल्यावर तेथील संशोधकांनी वेट बल्ब तापमानाला काळ्या रंगाच्या पोकळ गोळ्याचे तापमान आणि हवेचे साधे तापमान यांची जोड देऊन एक निर्देशांक तयार केला. त्यातही सत्तर टक्के वजन वेट बल्ब तापमानालाच आहे. २०२१ मध्ये कतारने हा निर्देशांक ३२.१ अंशांच्या पुढे गेल्यास उघड्यावरील काम थांबवण्याचे बंधन घातले. तेथील बांधकामांवर भारतीय मजुरांची संख्या मोठी आहे. माणसाची सहनशक्ती वेट बल्ब तापमानाच्या ३५ अंशांपर्यंत असावी, असे २०१० मध्ये गणिताने मांडले गेले होते. २०२२ मध्ये अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी दमट हवेत तरुण आणि निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग केले, तेव्हा ही मर्यादा ३१ अंशांच्या जवळ आढळली. हॉल्डेन यांनी स्थिर हवेत बसलेल्या माणसासाठी १९०५ मध्ये नोंदवलेला आकडाही जवळपास हाच होता.

भारतापुरते पाहिले तर या कथेला एक विसंगती आहे. खाणीच्या पोटातील कामगारासाठी आणि कारखान्याच्या छताखालील कामगारासाठी वेट बल्ब तापमानाची मर्यादा नियमात लिहिलेली आहे. रस्त्यावर डांबर पसरणाऱ्या, वीटभट्टीवर विटा वाहणाऱ्या, इमारतीच्या स्लॅबवर लोखंड बांधणाऱ्या किंवा उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या मजुरासाठी देशभर बंधनकारक असा कोणताही आकडा नाही. २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला आणि नंतर अनेक शहरांनी तसे आराखडे केले. त्यांत पाणी, सावली आणि कामाच्या वेळा बदलण्याच्या सूचना आहेत. मात्र रोजंदारीवरील मजुराने दुपारी काम थांबवले, तर त्याची मजुरी कोण देणार, या प्रश्नापाशी बहुतेक सूचना थबकतात. हॉल्डेन यांच्या काळातही तापमापकाने मर्यादा दाखवली, पण ती पाळायला भाग पाडले ते कायद्याने आणि निरीक्षकाने.

हॉल्डेन यांच्या घराण्याचा भारताशी आलेला संबंधही येथे नोंदवण्याजोगा आहे. खाणीत भाषण म्हणणारा त्यांचा मुलगा म्हणजे ख्यातनाम आनुवंशिकीतज्ज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. १९५७ मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्याच ओडिशात १९९८ च्या उष्णतेच्या लाटेने दोन हजारांहून अधिक बळी घेतले. तेव्हापासून या राज्याने उन्हाळ्याला आपत्ती मानून तयारी सुरू केली. आज तेथे कडक उन्हाळ्यात दुपारच्या वेळी उघड्यावरील मजुरीची कामे बंद ठेवण्याचे आदेश निघतात. हे आदेश घड्याळ पाहून निघतात. ओल्या कापडाचा तापमापक पाहून ते निघू लागतील आणि थांबलेल्या तासांची मजुरी मजुराच्या हाती पडेल, तेव्हा हॉल्डेन यांनी खाणीत सुरू केलेले काम उघड्या आकाशाखाली पोहोचले, असे म्हणता येईल.